जिताड्याची पिल्लं मरताना दिसत नाहीत तरी कमी होतायत, खाद्य कुठलं घालू?

रायगडातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलंय. मोठं आहे, मुद्द्यापुरतं देतोय:

"खाजणात आमचं अर्ध्या एकराचं तळं आहे. मेमध्ये तमिळनाडूच्या हॅचरीतून जिताडा या माशाचं ५००० सीड, म्हणजे पिल्लं, आणलं, साधारण एक इंची, भाड्यासकट एक पिल्लू १५ रुपयांना पडलं. तळ्यातच दोन हापे, म्हणजे बारीक जाळीच्या पेट्या, बांधून त्यात सोडलंय. आधी बंदरावरून मांदेली, बोंबील आणून कच्चेच बारीक कापून घालत होतो, सकाळ-संध्याकाळ. १ जूनपासून बोटी बंद झाल्या म्हणून कोळंबीचं फीड आणलं, पोत्यावर ४० टक्के प्रोटीन लिहिलंय, पण पिल्लं तोंडात घेऊन थुंकतात आणि बाकीचं तळाला जाऊन बसतं. परवा मोजली तर २८०० भरली. मेलेली फार तर दोनशे काढली असतील, मग बाकीची गेली कुठे? हापा कुठे फाटलेला नाही. काही पिल्लं बोटापेक्षा मोठी झालीत, काही आणली तेवढीच आहेत. फीडवाला म्हणतो बाहेरच्या देशाचं फीड घ्या, ते तिप्पट महाग आहे. ग्रूपवर कोणीतरी म्हणालं कोंबडीचं आतडं-काळीज घाला. सासरे म्हणतात आमच्या वेळी कोणी काही घालत नव्हतं. घरी फीड बनवता येईल का? नक्की काय घालू?"

ताई, पहिलं उत्तर त्या गेलेल्या २००० पिल्लांचं देतो कारण खाद्याचं सगळं उत्तर त्यातच आहे. ती पिल्लं कुठे गेली नाहीत, ती मोठ्या पिल्लांच्या पोटात आहेत. जिताडा लहानपणी आपल्याच भावंडांना खातो आणि तेही आख्खं गिळतो, त्याच्या लांबीच्या साठ टक्क्यांपर्यंतचं पिल्लू त्याच्या तोंडात जातं. म्हणजे तुमच्या हाप्यातलं सात सेंटीमीटरचं बोटुकली झालेलं पिल्लू चार सेंटीमीटरच्या पिल्लाला सहज गिळू शकतं आणि तुमची काही पिल्लं तर अजून तीन सेंटीमीटरच्या आसपास आहेत. म्हणून मेलेली दिसत नाहीत. रोग असता तर मेलेली याहून बरीच जास्त सापडली असती. उद्या पहाटे टॉर्च घेऊन हाप्याशी नुसतं दहा मिनिटं बसा, एखाद्या मोठ्या पिल्लाच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर आलेली दिसेल, कधीकधी घास घशात अडकून दोघंही मरतात तेही सापडेल.

आता याचा खाद्याशी संबंध काय. नर्सरीत, म्हणजे पिल्लं तळ्यात सोडण्याजोगी होईपर्यंत वाढवायच्या टप्प्यात, सगळे विचारतात कुठलं फीड चांगलं, किती टक्के प्रोटीन, किलोला काय भाव. मी विचारतो तुमच्या हाप्यातल्या सगळ्यात छोट्या पिल्लाचं पोट आज भरलं का? जिताड्याच्या नर्सरीत चांगलं खाद्य म्हणजे जे त्या सगळ्यात छोट्यापर्यंत पोचतं ते, बाकी पोत्यावर काहीही छापलेलं असू दे. खाद्य पोचलं नाही की लहान-मोठ्यातलं अंतर वाढतं, अंतर वाढलं की लहान हे मोठ्याचं खाद्य होतं, आणि एकदा मोठ्याला तो नाद लागला की मग तो तुमच्या फीडकडे बघत पण नाही.

तुम्ही मूठभर खाद्य टाकता तेव्हा काय होतं ते नीट बघा. मधोमध खळबळ होते, ती मोठी पिल्लं, आपल्याकडचे सीडवाले ज्यांना शूटर म्हणतात ती. अंगाने चकचकीत रुपेरी, पाण्याला थाप मारून घास घेतात आणि परत येतात. छोटी पिल्लं त्यावेळी हाप्याच्या जाळीला चिकटून कडेला, कोपऱ्यात उभी असतात, रंगाने काळपट पडलेली. तो काळपट रंग म्हणजे घाबरलेलं, दबलेलं पिल्लू. मोठ्यांची पोटं भरेपर्यंत ते मध्ये यायची हिंमतच करत नाही आणि ती भरेपर्यंत तुमची मूठ संपलेली असते, उरलेलं तळाला गेलेलं असतं, आणि जिताडा तळाला पडलेलं सहसा उचलत नाही, त्याला पाण्यात हलणारं, खाली येत असलेलं काहीतरी दिसायला लागतं, तो डोळ्याने शिकार करणारा मासा आहे. पंगतीत पहिल्या चार पानांवरच भात संपावा आणि शेवटच्या पानांवर नुसतं मीठ-लिंबू राहावं तसं चाललंय तुमच्या हाप्यात, रोज, दोन वेळा.

आता तुम्ही जे जे घातलंत किंवा घालायचा विचार करताय ते एकेक बघू.

कच्ची मासळी. यात चूक काही नाही असं नाही, पण वाईट पण नाही, चव लागते, पिल्लं तुटून पडतात, म्हणून लोक तेच घालतात. अडचणी वेगळ्या आहेत. एक तर बोंबील म्हणजे जवळजवळ सगळं पाणी, शंभर ग्रॅम बोंबलात कोरडा ऐवज दहा-बारा ग्रॅम, म्हणजे तुम्ही किलोभर घातलात तर पिल्लांच्या अंगी लागण्यासारखं त्यात शंभर-सव्वाशे ग्रॅमच होतं. मांदेली त्यापेक्षा बरी पण मांदेली-तारली या जातकुळीतल्या बऱ्याच कच्च्या माशांत एक एन्झाइम असतं, थायामिनेज, ते बी-वन व्हिटॅमिन मोडून टाकतं, आठवडेच्या आठवडे नुसतं तेच कच्चं खाल्लं तर पिल्लं अशक्त होतात, वेडीवाकडी पोहायला लागतात. उकळलं की ते एन्झाइम मरतं, आणि कच्च्या माशाबरोबर येणारे जंतू पण बरेचसे मरतात, म्हणून घालायचंच तर उकडून. दुसरं म्हणजे कापलेले तुकडे कधीच एकसारखे होत नाहीत, मोठा तुकडा मोठं पिल्लू घेऊन जातं आणि बारीक चुरा पाण्यात विरघळतो, पाणी खराब, जाळीवर शेवाळ, जाळीची भोकं बुजली की हाप्यात ऑक्सिजन कमी, आणि पहाटे पिल्लं पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. आणि तिसरं तुम्हाला कळलंच आहे, १ जूनला बोटी वर ओढल्या की मासळी बंद. ऐन पिल्लं वाढायच्या वेळी खाद्य बंद पडणार हे जर आधीच ठाऊक आहे तर नुसत्या मासळीवर नर्सरी उभीच करायची नाही, हे पुढच्या वर्षीसाठी.

कोळंबीचं फीड. हे आपल्याकडे सगळेच करून बघतात कारण ते तालुक्याच्या ठिकाणी मिळतं. कोळंबी तळाशी चालत हातात धरून कुरतडत खाते, म्हणून ते फीड जड बनवतात, झटकन बुडेल आणि तळाला दोन-तीन तास न विरघळता टिकेल असं. तुमचं पिल्लू ते घेतं, कडक लागतं, थुंकतं. त्यात फॅट पण कमी, साधारण पाच-सहा टक्के, जिताड्याच्या पिल्लाला दहा ते पंधरा लागतं. आणि प्रोटीन ४० असलं तरी याला ४५ ते ५० पाहिजे. उरलेलं पोतं कोणा कोळंबीवाल्याला देऊन टाका, पैसे अडकवून ठेवू नका, आणि तळाला जे साचलंय ते आजच सायफनने किंवा हापा उचलून काढून टाका, ते कुजतंय.

रोहू-कटल्याचं फीड तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवेलच म्हणून सांगतो. ते भाताचा कोंडा आणि पेंडीचं असतं, प्रोटीन पंचवीस-तीसच्या आत. शिवाय गोड्या पाण्यातले मासे वनस्पतीच्या तेलातून स्वतःला लागणारी ओमेगा-३ फॅट्स थोडीफार स्वतः तयार करतात, समुद्री माशांना ते नीट जमत नाही, त्यांना ईपीए आणि डीएचए ही दोन तयारच खाद्यातून मिळावी लागतात, म्हणजे फिशमील (सुक्या मासळीची पूड) आणि माशाचं तेल हवंच. ती कमी पडली तर पिल्लांच्या परांना, कातडीला लाली येते आणि ती इतकी नाजूक होतात की जाळीत घेऊन नुसती दुसऱ्या टबात टाकली तरी उलटी पडतात. सीड वाटेत मेलं म्हणून आपण गाडीवाल्याला बोल लावतो, बऱ्याचदा त्याचं मूळ आधी काय खाल्लं त्यात असतं.

कोंबडीचं आतडं-काळीज अजिबात नको. त्यातली चरबी समुद्री पिल्लाला लागते ती नाही, पाण्यावर तवंग येतो, सडतं, आणि कोंबडीचा कुठला रोग, कुठलं औषध त्यातून तुमच्या तळ्यात येईल याचा काही भरवसा नाही. ज्याने सांगितलं त्याने मोठ्या माशाला घातलं असेल, तरी मी नाहीच म्हणेन.

आणि सासऱ्यांचं म्हणणं. ताई, ते खोटं बोलत नाहीयेत. आपल्याकडे पूर्वी पावसात भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतली पिल्लं यायची, ती पकडून घराजवळच्या तळ्यात सोडायचे, अख्ख्या तळ्यात शे-दोनशे, आणि तळ्यात कोळंबी, छोटे मासे असं काय काय असायचं, ते खाऊन जिताडा वाढायचा आणि मग सणाला, पाहुणे आले की काढायचे. तिथे खाद्य तळंच पुरवत होतं. तुमच्याकडे दोन हाप्यांत ५००० पिल्लं होती, एवढ्या दाटीत तळं किती पुरवणार? पद्धत बदलली की खाद्य आपल्याला द्यावं लागतं, एवढं त्यांना समजावून सांगा, ते ऐकतील, कारण पिल्लू पिल्लाला खातं हे त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

तर मग घालायचं काय? जिताड्याचंच किंवा समुद्री माशांचंच म्हणून बनवलेलं नर्सरी फीड, पाण्यात हळूहळू बुडणारं किंवा तरंगणारं. महाग आहे, बरोबर. पण हिशोब करून बघू, कारण इथेच सगळे घाबरून चुकीची वस्तू घेतात.

तुमची २८०० पिल्लं आहेत, त्यातली २५०० आपण दहा-दहा ग्रॅमची करून तळ्यात सोडायची असं धरू. म्हणजे शेवटी २५ किलो वजन. आज हाप्यात तीन-साडेतीन किलो आहेच. वाढवायचं वजन झालं साधारण २२ किलो. चांगल्या नर्सरी फीडवर, नीट घातलं तर, एक किलो वाढीला किलो-सव्वा किलो फीड लागतं. म्हणजे सगळ्या नर्सरीला मिळून ३० किलोच्या आत! लोक मोठ्या माशाच्या टनावारी फीडचा भाव डोक्यात ठेवून इथे काटकसर करतात. समजा साधं फीड ८० रुपये आणि हे २५० रुपये किलो, तरी फरक पाच हजारांचा. आणि तुमची जी २२०० पिल्लं गेली त्यांचे १५ रुपयांनी ३३ हजार होतात. हेच वजन मासळीवर काढायचं तर ओली मासळी शंभर किलोच्या वर लागेल, ती आणा, धुवा, कापा, उकडा, हे वेगळंच. काटकसर मोठ्या माशाच्या वेळी करा, तेव्हा खरंच पैसे वाचतात, नर्सरीत नको.

बाहेरच्या देशाचंच घ्यायला पाहिजे असं मात्र नाही. चेन्नईच्या सीबाने, म्हणजे निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने, १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन आपल्या देशात करून दाखवलं आणि तिथेच जिताड्याच्या देशी खाद्यावरही बरंच काम झालंय, आपल्याकडच्या कंपन्या पण आता समुद्री माशांचं फीड बनवतात. नाव बघू नका, पोत्यावर या गोष्टी बघा: प्रोटीन ४५ च्या वर, फॅट दहाच्या वर, घटकांत फिशमील आणि माशाचं तेल आहे का (नुसतं सोयाबीन आणि पाम तेल असेल तर ठेवून द्या), बनवल्याची तारीख, आणि दाण्याचा सायझ. रत्नागिरीला शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला सीआयएफई, म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, तिथे एक फोन केलात तर सध्या कुठलं फीड चांगलं येतंय ते विनामूल्य कळेल. आणि त्याआधी ज्या हॅचरीतून सीड आणलं तिथे फोन करा आणि विचारा की निघताना पिल्लं काय खात होती, कुठल्या नावाचं, किती मायक्रॉनचं (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). बहुतेक हॅचरीत एक इंच होईपर्यंत त्यांना आर्टेमियावरून (कोळंबीसारखा बारीक जिवंत जीव) सुक्या फीडवर आणलेलं असतं. म्हणजे तुमच्या पिल्लांना सुकं खाणं माहीत होतं, आपण त्यांना मासळीची सवय लावली. पुढच्या वेळी सीडबरोबरच त्याच फीडची दोन-तीन किलोची पिशवी मागून घ्यायची, सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी लोक करतात असा उपाय आहे हा.

दाण्याचा सायझ, यावर जरा थांबतो कारण पिल्लं थुंकतात त्याचं निम्मं कारण हेच असतं. दाणा पिल्लाच्या उघड्या तोंडाच्या निम्म्याहून मोठा नको. दोन-तीन सेंटीमीटरच्या पिल्लाला पाऊण ते सव्वा मिलिमीटर, चार-पाच सेंटीमीटरच्याला सव्वा ते पावणेदोन, सहा-आठ झाली की दोन मिलिमीटर. तुमच्याकडे आत्ता तीनही सायझची पिल्लं आहेत म्हणून दोन सायझचं फीड घ्यावं लागेल, लहान जास्त आणि मोठं कमी. एकच घ्यायचं झालं तर लहान घ्या, मोठं पिल्लू लहान दाणा खाऊ शकतं, उलटं होत नाही. पिशवी उघडलीत की मैद्याच्या चाळणीने चाळा, खाली जी पावडर पडते ती पाण्यात टाकू नका, ती कोणी खात नाही, नुसतं पाणी गढूळ करते, ती बाजूला डब्यात ठेवा, खाली तिचा उपयोग सांगतो. आणि एक काचेचा ग्लास तळ्याच्या पाण्याने भरून त्यात चिमूटभर दाणे टाकून बघा, दगडासारखे खाली गेले तर नको, लगेच विरघळून पाणी रंगलं तर नको, डुलत डुलत खाली आले आणि पाच-दहा मिनिटं आकार धरून राहिले तर घ्या. वास सुक्या मासळीचा यायला हवा, जुन्या खोबऱ्याच्या तेलासारखा खवट आला तर परत करा, खवट तेल पिल्लाच्या लिव्हरला सरळ सरळ विष आहे. पावसाळ्यात आपल्या हवेत उघडं पोतं आठवड्यात बुरशी धरतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आणि जमलं तर रोजचं सोडून बाकीचं फ्रिजमध्ये.

आता पहिलं काम फीड नाही, पहिलं काम ग्रेडिंग. हे केलं नाहीत तर सोन्याचे दाणे टाकलेत तरी पिल्लं कमी होतच राहतील. अजून दोन हापे बांधा. एखाद्या ढगाळ सकाळी, पोट रिकामं असताना, म्हणजे त्या दिवशीचं सकाळचं खाणं न देता, पिल्लं हळू गोळा करा आणि वेगवेगळ्या भोकांच्या प्लास्टिक टबांतून चाळून तीन गट करा, लहान, मधली, मोठी. टब पाण्यातच अर्धा बुडवून हलवायचा, लहान आपोआप खाली निसटतात, हाताने पकडापकडी करायची नाही. जी दहा-वीस राक्षसासारखी वाढलेली दिसतील ती वेगळीच काढा, ती आता शिकारी झालीत, त्यांना सरळ तळ्यात सोडलंत तरी चालेल. मग दर तीन-चार दिवसांनी हेच, पाच सेंटीमीटरच्या पुढे गेली की आठवड्याने एकदा. कंटाळवाणं आहे पण नर्सरीत माणसाचा वेळ कुठे जायला हवा असं मला विचाराल तर इथेच.

सुक्या फीडवर आणायची रीत अशी. बोटी बंद असल्या तरी बिनयांत्रिकी होड्या आणि पागाने (फेकायच्या जाळ्याने) खाडीत मासळी चालू असते, तिथून दोन-तीन किलो ताजी बारीक मासळी मिळवा, जास्त लागतच नाही. उकडून काटे काढा, मिक्सरमधून गुळगुळीत लगदा करा, त्यात ती चाळलेली पावडर आणि थोडे दाणे वाटून मिसळा. पहिल्या एक-दोन दिवशी तीन भाग मासळी एक भाग फीड, मग निम्मं-निम्मं, मग एक भाग मासळी तीन भाग फीड, आणि सहाव्या-सातव्या दिवशी नुसते दाणे. लगदा थापून फ्रीजरमध्ये गोठवा आणि घालताना किसणीवर किसा, म्हणजे सगळे कण एकसारखे पडतात आणि हळूहळू खाली येतात, हाताने कुस्करलं की परत तेच लहान-मोठे गोळे. सकाळी मासळी आणि संध्याकाळी दाणे असं मात्र करू नका, पिल्लं हुशार असतात, सकाळची वाट बघत संध्याकाळी उपाशी बसतात आणि उपाशी जिताडा शेजाऱ्याकडे बघतो. सुका जवळा घरात असेल तर वाळू झटकून, दळून, त्याची चिमूटभर पूड दाण्यांवर चोळा, वासाने ओढतात. फक्त जवळ्यावर पिल्लं वाढवू नका, त्यात कवच फार आणि फॅट कमी.

घालायचं किती आणि किती वेळा? दोन वेळा अजिबात पुरत नाही. या वयात पाच ते सहा वेळा, तुम्हाला जमत नसेल तर किमान चार, त्यात पहाटे उजाडताना एक आणि तिन्हीसांजेला एक चुकवायचीच नाही कारण त्याच वेळी एकमेकांना खाणं सगळ्यात जास्त होतं. दिवसाचं मिळून वजनाच्या आठ ते दहा टक्के, म्हणजे तुमच्याकडे आज पावणेतीनशे ते साडेतीनशे ग्रॅम, सगळ्या हाप्यांत मिळून. वजन दर आठवड्याला करा, पन्नास पिल्लं तोलली की अंदाज येतो, जशी वाढतील तसे टक्के पाच-सहावर आणायचे. पण टक्क्यांपेक्षा डोळे वापरा. आधी मधोमध चिमूट-चिमूट, मोठी गुंतली की कडेने, कोपऱ्याने शिंपडत जायचं, थांबायचं, बघायचं, परत. एका हाप्याला दहा-पंधरा मिनिटं लागायलाच हवीत. नेहमी एकाच जागी उभं राहून, घालण्याआधी बांबूवर दोन टिचक्या मारल्या तर आठवड्यात पिल्लं आवाजाला जमतात. मोठी थांबली म्हणून थांबू नका, कडेची थांबली की थांबा. आणि रोज एकदा घातल्यानंतर अर्ध्या तासाने कोपऱ्यातली वीसेक पिल्लं वाडग्यात घेऊन पोटं बघा, गोल दिसली पाहिजेत. सपाट पोटं निम्म्याहून जास्त दिसली तर फीड कमी नाही, पोचत नाहीये, शिंपडायची पद्धत बदला किंवा परत ग्रेडिंग करा.

हाप्यावर रात्री एखादा छोटा एलईडी दिवा टांगता आला तर टांगा, उजेडाला तळ्यातले बारीक जीव जमतात आणि लहान पिल्लांना तो फुकटचा जिवंत घास मिळतो. पोट त्यावर भरणार नाही पण सगळ्यात छोट्या हाप्यावर याचा फरक दिसतो, म्हणून एकच दिवा असेल तर तिथेच लावा.

घरी फीड बनवायचं विचारलंत. वर सांगितलेला लगदा म्हणजे घरचंच झालं, पण तो आठवड्याभरापुरता. पूर्ण नर्सरी घरच्या फीडवर नको, एक मिलिमीटरचा दाणा पाण्यात न फुटता टिकवणं घरच्या यंत्रात जमत नाही, आणि व्हिटॅमिन सी उष्णतेने आणि साठवणीत उडून जातं, कंपन्या त्याचा टिकाऊ प्रकार घालतात. ते कमी पडलं की पिल्लांचा कणा वाकडा होतो आणि वाकडा मासा बाजारात कोणी घेत नाही. मासे शंभर-दीडशे ग्रॅमच्या पुढे गेले की घरच्या फीडचं बोलू, तेव्हा त्यात खरंच पैसे वाचतील.

तळ्यात कधी सोडायची हे तुम्ही विचारलं नाहीत पण घाई कराल म्हणून लिहितो. आठ ते दहा सेंटीमीटर आणि दहा ग्रॅम झाल्याशिवाय नाही, आणि तीन-चार दिवस सलग नुसते दाणे खाताना दिसल्याशिवाय नाही, कारण दाणे न शिकलेलं पिल्लू तळ्यात गेलं की परत शिकवता येत नाही. मोठा गट आधी तयार होईल, म्हणून त्यांना लगेच तळ्यात सोडून द्यायचा मोह होईल. तो गट तळ्याच्या एका कोपऱ्यात जाळं लावून त्यात ठेवा, नाहीतर महिन्याभराने लहान गट सोडाल तो सरळ त्यांच्या तोंडात जाईल, आणि त्या सुरुवातीला सोडलेल्या दहा-वीस राक्षसांचं पण हेच, लहान गट सोडायच्या आधी तळ्यात एकदा गळ टाकून किंवा जाळं ओढून ती काढून घ्या. घरी खायला होतील तोपर्यंत.